जुना कार्बन

हिरामणने स्टार्टरच्या दोन्ही लांब बोल्टांवर डिझेलचा बोळा फिरवला, पाना अडकवला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. पहिला बोल्ट मुकाट्याने सुटला. दुसरा हटून बसला. हातोडीच्या दोन टपल्या खाल्ल्यावर तोही वठणीवर आला.

"तरी म्हटलं, सरळपणे ऐकशील तर शपथ," तो बोल्टाला म्हणाला. दिवसभरात तो ज्यांच्याशी बोलायचा, त्यांतले बहुतेक असे लोखंडाचेच असत.

दुकानासमोर, पोयनाडच्या रस्त्याच्या कडेला, एक पांढरी पिकअप तोंड उघडून उभी होती. तिची मालकीण आणि ड्रायव्हर एकच, कल्पिता. तिशीची बाई, केस करकचून बांधलेले, पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट. पालीकडची. तिकडच्या वाड्यांवरची भाजी पहाटे उचलायची आणि नागावच्या होमस्टेवाल्यांना दारोदार पोचवायची, हा तिचा धंदा. आज भाजी उतरवून परत निघालेली बाई इथे चहाला काय थांबली, आणि चावी फिरवली तर गाडी नुसती ‘टक’ म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. चहाच्या टपरीवालीने, केसरने, मानेने शेजारचं दुकान दाखवलं होतं.

"त्या बाबाकडं जा. तोंड उघडायचा नाय, पण काम करील."

आता कल्पिता रिकाम्या क्रेटवर बसून हिरामणच्या हातांकडे बघत होती.

"बॅटरी उतरली असंल का हो, काका?"

"बॅटरी चांगली हाय. हाच दमलाय."

"दमून कसं चालंल? मी पहाटे चारला निघते. नवरा पनवेलला कंपनीत, आठवड्यानं येतो. घरात मी नि सासू. गाडी अडली तर सासू ढकलंल व्हय? तिलाच बाथरूमपतुर धरून न्यायला लागतं."

हिरामण हसला. हसल्यावर त्याला स्वतःलाच जरा नवल वाटलं. चार वर्षांपूर्वी बायको, मनुबाई, गेली आणि लेक क्रांती लग्न होऊन उरणला. तेव्हापासून त्याच्या दुकानात हसण्यासारखं कुणी फारसं बोलत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, काम सांगायचं, मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचं.

त्याने स्टार्टरचं मागचं झाकण काढलं. कार्बनची काळी भुकटी भसकन बाहेर आली. त्याने फुंकर मारली, खोकला, आतला भाग उजेडाकडे धरला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

आतल्या वायरीच्या सांध्यावर टेप नव्हती. सुती दोरा होता. दोन घट्ट वेढे, आणि टोक उलटं फिरवून आत सारलेलं. वरून लाखेचा पातळ हात.

"हा ह्याच्या आधी कुणी खोललेला?" त्याने वर न बघता विचारलं.

"पालीला, एसटी स्टँडच्या मागं गुणाजीकाका आहेत, त्यांनी. झाली असतील सात-आठ वर्षं. का? काय घोळ घातलाय का?"

"नाय. काम चांगलं हाय."

"चांगलंच करतात ते. फक्त बोलत नायत. तुमच्यासारखेच," कल्पिता म्हणाली, आणि चहा सांगायला उठून गेली.

हिरामण तसाच बसून राहिला. त्या गाठीवरून त्याने अंगठा फिरवला. गुणाजी म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

गाठ त्यांच्या बापाची होती, अंबाजीची. अंबाजी आधी मिठागरावर राबलेला. मिठाची गोण भरायची, तोंड दाबायचं, सुतळीचे दोन वेढे देऊन टोक उलटं आत सारायचं. मग ती गोण पार घाटावर गेली तरी सुटायची नाही. पुढे तो गॅरेजात गेला, वायरिंग शिकला, हे दुकान टाकलं, पण हात मिठागराचा तो मिठागराचाच राहिला. "गाडी दिवसभर थरथरते," तो म्हणायचा. "तुमची टेप काय कपाळ करील? उन्हात रडते ती." म्हणून तो स्टार्टरमधल्या सांध्याला गोणीची गाठ मारायचा. ती त्याने दोन पोरांनाच शिकवली. त्यांतला एक आता स्टार्टर मांडीवर घेऊन बसला होता, आणि दुसऱ्याशी त्याचं अकरा वर्षांत बोलणं नव्हतं.

आता कारण विचाराल, तर कारण एवढंसंच होतं. एका नटाएवढं.

बापाने दुकानात एक नेम घालून दिला होता. काम कुणीही करो, शेवटचा नट, बॅटरीच्या वायरीचा, थोरल्याने आवळायचा. "म्हणजे उद्या काय झालं तर कोण चुकला ते हुडकत बसायला नको," असं अंबाजीचं म्हणणं. बाप होता तोवर तो नट बापाचा. बाप गेल्यावर हिरामणचा.

अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नागावच्या सदूचा टेम्पो असाच दुकानासमोर उभा होता. आंब्याच्या पेट्या भरून वाशीला निघायचा होता त्याला. दोघा भावांनी मिळून स्टार्टर बसवला. शेवटी हिरामणने नट बोटांनी फिरवला, पाना घ्यायला वळला, तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. पाना काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सदू दुकानासमोर उभा राहून बोंबलत होता. वडखळच्या पुढे वायर सुटली, ठिणगी पडली, केबिन जळाली, आंबे उन्हात नासले. माणूस वाचला एवढंच नशीब. बघता बघता दहा माणसं जमली, आणि त्या दहा माणसांदेखत हिरामणने गुणाजीच्या थोबाडीत मारली. छत्तीस वर्षांच्या, बायकोपोरांच्या भावाला.

नट आपला होता हे हिरामणला आठवलं केव्हा? हात उचलला, तेव्हाच. हात वर होता आणि आठवलं. पण दहा जणांसमोर उचललेला हात नुसता खाली कसा आणायचा? तो गुणाजीच्या गालावरूनच खाली आला.

गुणाजीला नेम ठाऊक होता. ‘दादूस, नट तुझा,’ एवढे तीन शब्द बोलला असता तरी संपलं होतं. बोलला नाही. चिंधीला हात पुसले, घरी गेला, आणि महिनाअखेरीला बिऱ्हाड उचलून पालीला निघून गेला. मनुबाईच्या दहाव्याला आला होता. बाजूला उभा राहिला, भावजयीला पाणी दिलं आणि चहा न घेता परतला. हिरामण ‘थांब’ म्हणणार होता. म्हणता म्हणता एसटी सुटली.

क्रांतीने काकाचा नंबर धाडला होता. "वाटलं तर लावा, बाबा." नंबर ‘गुणा’ या नावाने मोबाईलमध्ये पडून होता. पण लावून बोलायचं काय? ‘हॅलो, अकरा वर्षांपूर्वी मी चुकलो’? असं कुणी फोनवर बोलतं का! आणि चारचौघांत ते कळलं म्हणजे? पोयनाडला जो तो म्हणेल, भावाला गाव सोडायला लावलं आणि स्वतः साळसूद बसला. लोकांची तोंडं कुणी धरायची?

कल्पिता चहा घेऊन आली. हिरामणने तो दोन घोटांत संपवला आणि कामाला लागला. स्टार्टरमध्ये चार कार्बन असतात, बोटाच्या पेराएवढे काळे ठोकळे. मधलं आर्मेचर फिरतं त्याला चारी बाजूंनी घासून ते वीज पोचवतात आणि घासता घासता झिजतात. हे चारही झिजले होते, गुणाजीने बसवलेले. त्याने आर्मेचर पॉलिश पेपरने लखलखीत केलं, पुढचा बुश बदलला, डबीतून चार नवे कार्बन काढले. एकाची वायर कथलाचा डाग देऊन जोडली, दुसऱ्याची जोडली, तिसऱ्याची जोडली. सांध्यांवर दोरा गुंडाळला. त्याची गाठ आणि गुणाजीची गाठ शेजारी शेजारी बसल्या, आणि कुणाची कुठली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याला वाटलं, गुणाजी हे बघेल.

मग वाटलं, कधी बघेल? स्टार्टर बिघडला तर ही बाई पालीला त्याच्याकडे जाईल. पण बिघडेल कशाला? हिरामणने मन लावून केलेला स्टार्टर वर्षानुवर्षं मान वर काढत नाही. तीच तर गंमत होती या धंद्यात. हलकं काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक महिन्याला येतं, चहा पितं, भांडतं, ओळख वाढते. चांगलं काम एकदा गेलं की गेलं. त्याने आयुष्यभर केलेलं काम असं रायगडभर फिरत होतं, आणि त्यातलं काही त्याला भेटायला परत येत नव्हतं. हा स्टार्टर पुन्हा उघडेल तेव्हा आपण सत्तरीला टेकलेले असू, असा त्याने हिशेब केला. असलो तर.

चौथा कार्बन त्याच्या तळहातावर होता.

त्याने तो पुन्हा डबीत टाकला. आणि गुणाजीने बसवलेला जुना, झिजलेला कार्बन तसाच जागेवर राहू दिला.

हे काय करतोयस, असं त्याने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. महिना-दीड महिन्यात हा एक कार्बन दगा देणार. बाई पालीला जाणार. गुणाजी झाकण काढणार, आणि तीन नवे, एक जुना बघून पेटून उठणार. कार्बन कधी एकटा बदलत नाहीत आणि दादूस कधी विसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो फोन करील. शिव्या देईल. ‘दादूस, लोकांच्या पोटावर पाय देतोस काय रे?’ असं ओरडेल. देऊ दे शिव्या, ओरडू दे. एकदा त्याचं तोंड उघडलं की आपलंही उघडेल. अकरा वर्षांत याहून बरी युक्ती हिरामणला सुचली नव्हती, आणि ही युक्ती किती नीच आहे हेही त्याला कळत होतं.

त्याने झाकण लावलं. स्टार्टर चढवला. बॅटरीचा नट पान्याने तीन तीनदा आवळला. अकरा वर्षं तो तसाच आवळत होता.

"मार," तो म्हणाला.

कल्पिताने चावी फिरवली. स्टार्टर घर्रर्र करून गरगरला आणि इंजिनाने झटक्यात पकड घेतली. कल्पिताने आतूनच टाळी वाजवली. स्टार्टरच्या आवाजात एक बारीकसा जडपणा होता, चढावर म्हातारं माणूस अर्धा श्वास जास्त घेतं तेवढाच. तो ऐकणारा कान पोयनाडात एकच होता.

"झकास झालं, काका! आता चिंता नाय."

"गाडी उतारावर लावत जा," हिरामण म्हणाला.

"का? नीट झालंय ना?"

"झालंय. सवय बरी. आन् महिन्यानं एकदा तिकडं पालीत दाखवून घे."

"दाखवीन की." तिने त्याचं नाव विचारून नंबर घेतला, मागे जाऊन क्रेटमध्ये हात घातला आणि उरलेली माठाची एक जुडी त्याच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. घरात कोण करणारं हाय का?"

"मीच करतो."

"मग देठं बारीक चिरा. माठ कोवळा हाय, लसूण जरा जास्त घाला." आणि हात हलवून ती निघून गेली.

ती जुडी हिरामणने घरी नेली आणि मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. त्या संध्याकाळी त्याने पेजेवर भागवलं. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती, माना टाकलेली. चिरायला हातच होईना. गिऱ्हाइकाला फसवून वर त्याची भाजी खायची, हे बापाने शिकवलेलं नव्हतं.

दोन दिवस असेच गेले. पहाटे चारला त्याला आपोआप जाग यायची. आता ती चावी फिरवत असेल. आता मागे भाजीचे क्रेट असतील, घरात सासू असेल, वाडीवर काळोख असेल. दीड महिना म्हणजे दीड महिनाच, असं कार्बनने थोडंच लिहून दिलंय? उद्याही थांबेल. वाकण फाट्यावर थांबेल, जिथे पहाटे चिटपाखरू नसतं. तिने आपल्याला हे तोंडाने सांगितलं होतं, हसत हसत, आणि आपणही हसलो होतो. तिला फोन करून बोलवावं, नवा कार्बन टाकून द्यावा, असं त्याने दहा वेळा ठरवलं. पण मग गुणाजीचा फोन यायचा नाही. एवढंच कारण. त्याला स्वतःची शिसारी आली, तरी फोन त्याने केला नाही.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो केसरच्या टपरीवर उभा होता. बाकड्यावर रेतीच्या डंपरचे दोन ड्रायव्हर वडापाव खात होते. फोन वाजला.

"काका, कल्पिता बोलतेय. पिकअपवाली."

हिरामणने एकदम विचारलं, "कुठं बंद पडली?"

"बंद? नाय हो, गाडी मस्त हाय. अहो, मी गुणाजीकाकांकडं आलते, हॉर्न बसवायला. बोलता बोलता म्हटलं, स्टार्टर पोयनाडला करून घेतला. तर म्हणाले, कुणाकडं? म्हटलं, हिरामणकाकांकडं. तर हातातलं सगळं खाली ठेवलं त्यांनी. म्हणाले, चालू कर. केली. बंद कर, परत चालू कर. असं तीन येळा. कान देऊन ऐकत बसले. नि म्हणाले, उतर खाली, खोलायला लागंल."

हिरामणने टपरीचा बांबू धरला.

"खोलला तर आत एक कार्बन जुना. खोटं कशाला बोलू, काका, मला तुमचा रागच आला. मी म्हटलं, बघा, फसवलं मला त्या माणसानं. तर गुणाजीकाका म्हणाले, नाय. त्याच्याबद्दल असं बोलू नको. हा कार्बन मीच टाकलेला सात-आठ वर्षांपूर्वी, चूक माझी हाय. दादूसच्या हातनं असं व्हायचं नाय. असं म्हणाले. तुम्ही सख्खे भाऊ आहात होय? त्या दिवशी एका शब्दानं बोलला नाहीत. ते जाऊ दे. मी तुमच्याबद्दल मनात वाईट आणलं, ते बरं नाय वाटलं मला, म्हणून फोन केला. नवीन टाकून दिला त्यांनी. आता काय काळजी नाय."

हिरामणने शिव्यांची तयारी ठेवली होती. दोन दिवस तो मनातल्या मनात त्या शिव्या ऐकत होता, त्यांना उत्तरं देत होता. आणि गुणाजीने काय केलं? परक्या बाईसमोर भावाची चूक पुन्हा स्वतःच्या अंगावर घेतली. काही न विचारता, जणू तो त्याच्या रोजच्या कामाचाच भाग होता. त्या दिवशीची थोबाडीत गुणाजीला जेवढी लागली नसेल, तेवढं हे हिरामणला लागलं.

"काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय. पोरी, तो खोटं बोलला. कार्बन मीच ठेवला. ठाऊक असून ठेवला."

"म्हंजे? विसरलात?"

"नाय. मुद्दाम."

पलीकडे पालीच्या रस्त्यावरून एक मोटरसायकल गेल्याचा आवाज आला.

"मी पहाटे चारला एकटी असते, काका. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"चुकलो. दुसरं काय सांगू? तुझा काय दोष नव्हता त्यात. आमचं जुनं होतं, ते तुझ्या गाडीत घातलं."

कल्पिताने फोन ठेवला. ठेवणारच. हिरामणने मोबाईल खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. केसर गाळणं हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"काय रे हिरामण? कोण गेलं?"

"कोण नाय गेलं." आणि मग, अकरा वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं ते वाक्य त्याच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. डंपरवाल्यांनीही माना वर केल्या. "केसर, सदूचा टेम्पो जळाला ना तेव्हा, तो नट माझा होता. गुणाजीचा नव्हता. मी आवळायचा विसरलो, आन् त्याला मारलं. इथंच. सगळ्यांसमोर."

तो बोलला आणि उभा राहिला. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून माणूस उभा राहतो तसा.

केसरने कपाळाला आठ्या घातल्या. "कुठला सदू? नागावचा? तो वारला की रे. झाली चार वर्षं."

"वारला?"

"कावीळ झाली. टेम्पो जळलेला व्हय त्याचा?" तिने आठवून बघितलं. "व्हय व्हय, असं कायतरी झालेलं. आन् गुणाजी त्याच्यासाठी गेला? मला वाटलं, बायकोच्या माहेरची जागा मिळाली म्हणून गेला. आम्ही सगळे तसंच म्हणतो."

"गुणाजी कोण?" एका डंपरवाल्याने विचारलं.

"याचा भाऊस. तुम्ही नाय बघितला, तुम्ही आत्ताची पोरं." केसरने कप भरून हिरामणच्या पुढे सरकवला. "घे, चहा घे. अकरा वर्षांचं काय घेऊन बसलास!"

डंपरवाले वडापाव खाऊ लागले. रस्त्यावरून अलिबागची एसटी गेली. केसरने दुसरं आधण ठेवलं. झालं, एवढंच. ज्या तोंडांना तो अकरा वर्षं घाबरत होता त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. ज्याचा टेम्पो जळाला तो मातीत गेला. ज्या दहा जणांसमोर हात उचलला त्यांतल्या एकाच्याही लक्षात ती थोबाडीत राहिली नव्हती. लक्षात होती दोघांच्याच, एक मारणारा आणि दुसरा मार खाणारा. हिरामणला तिथेच बाकड्यावर बसून रडावंसं वाटलं. कुणाकडून लपवत होतो आपण? आणि त्यापायी केवढी वर्षं घालवली! मनुबाई जाताना दोनदा म्हणाली होती, भावाला बोलव. तीही वर्षं त्यातच गेली.

त्याने चहा घेतला नाही. खिशातून मोबाईल काढला, ‘गुणा’ शोधलं आणि दाबलं. घंटा वाजली. दुसरी वाजली. केसर आणि डंपरवाले समोरच होते, पण आता त्याने पाठसुद्धा फिरवली नाही. चौथ्या घंटेला फोन उचलला गेला. मागे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"बोल," गुणाजी म्हणाला.

आवाज जाडा झाला होता. बापाचा व्हायला लागला होता तसा.

"चूक माझी होती," हिरामण म्हणाला.

हिरामणला पलीकडे गुणाजीचा श्वास ऐकू येत होता. चिंधीला हात पुसत असावा.

"कंची?" गुणाजीने विचारलं.

"दोन्ही."